भराव

आमच्या इंजिनाचा गंज म्हणजे माझ्या तव्याची पाठ आहे. फोटो काढला, कॉम्प्युटरवर चढवला आणि बॉयलरभोवती गुंडाळला. शिट्टीसाठी आधी कुकर रेकॉर्ड केला होता, पण ती ऐकली की सुशांतला भूक लागायची, म्हणून आवाज खालच्या पट्टीत नेऊन लांबवला. हे मला कोणी शिकवलं नाही. सुशांत खाटेवर आला तेव्हा दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा दुसरं काहीतरी बघू म्हणून व्हिडिओ लावायला लागले, आणि पन्नाशी उलटल्यावर रूळ टाकायला शिकले.

सुशांत माझा नवरा. परळला समोरासमोर दोन चाळी, एकीत तो वाढला, एकीत मी. लहानपणापासून 'अरे' म्हणत आले, लग्नानंतर 'अहो' काही जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. जीभ वाचली, उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक रबरी चेंडू दिला होता. तो हातातून सुटून खाटेखाली जायचा, मी वाकून काढायचे. व्यायाम झाला तो माझा.

त्याला रेल्वेत नोकरी मिळाली नाही, म्हणून आयुष्यभर रेल्वेवर प्रेम करता आलं. त्याचे आजोबा सांगायचे की आमच्या चाळी आहेत तिथे पूर्वी खाजण होतं. शिवडीकडची एक टेकडी फोडून तिचा मुरूम इथे आणून ओतला, आणि तो आणायला दोन फुटी रुळांवरची चिमुकली गाडी होती. रूळ कधीच उखडले गेले. सुशांतच्या मनातून मात्र ती गाडी गेली नाही.

"दुर्गा, ती गाडी एकदा चालवायला मिळाली ना," तो म्हणाला, "तर मग हाताचं काय व्हायचं ते होऊ दे."

म्हणून मी ती केली. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा सिम्युलेटर फुकटात मिळाला. एक जुना नकाशा नेटवर सापडला, त्यावरून टेकडी, ओढा, वळणं काढली. कडेला कलंडणारे डबे केले, पण कलंडण्याची हालचाल मला जमेना, ती सोडून दिली. आणखी एक अडचण होती. माल कुठे उतरवायचा ते सांगितल्याशिवाय सिम्युलेटर माल भरूच देत नाही. नकाशावर एक लाल खूण टोचावी लागते. जिथे नुसतं पांढरं होतं, गवताच्या चार काड्या काढलेल्या होत्या, तिथे मी ती टोचली.

दुपारी जेवणं झाल्यावर सुशांतने पहिली खेप नेली. डाव्या हाताने, जीभ दातात धरून. खुणेपाशी गाडी थांबली आणि डबे एकेक करून कलंडले. सुकी खडी घसरावी तसा आवाज आला.

"हे कधी केलंस?"

"प्रोग्रॅममध्येच असेल," मी म्हटलं. कॉम्प्युटरमधलं न कळलेलं सगळं प्रोग्रॅममध्येच असतं. पण तो आवाज मी रेकॉर्ड केला नव्हता.

चहाच्या वेळी त्याच्या उजव्या हाताचं बोट हललं.

मग आमच्या घरात रोज दुपारी गाडी सुटू लागली. मी भांडी घासायचे, तो खेपा करायचा. आधी एक बोट, मग अंगठा, मग अख्खी मूठ उघडली. चेंडू हातात राहू लागला. व्यायामवाली मुलगी म्हणाली, "काका, काय जादू केलीत?" तर हा म्हणतो, "मुरूम टाकतोय." एका संध्याकाळी त्याने पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडापर्यंत नेला. मी ओट्याकडे तोंड करून उगाच गॅस पुसत राहिले.

त्याच दिवसांत समोरच्या चाळीतली सुंदराबाई सारखी झाडताना दिसू लागली. तळमजल्याची कोपऱ्यातली खोली तिची. सुशांतची आई गिरणीत पाळीला जायची तेव्हा तो हिच्याच मांडीवर असायचा. तो हॉस्पिटलात होता तेव्हा माझ्यासाठी पेजेचा डबा घेऊन तीच येऊन बसायची. आमच्या गॅलरीतून तिचं दार दिसतं.

"काय गो, आज किती झाडशील?" मी वरून विचारलं.

"माका काय विचारतंस? ह्यो मुरूम खयसून येता देवाक म्हायत. सकाळी काढलंय, दुपारी परत." ती वर बघून हसली. "तुझ्या घोवाक सांग, गाडी जरा हळू हाक."

तिने ते गमतीत म्हटलं. सुशांत सगळ्या चाळीला गाडीच्या गोष्टी सांगायचा. मीही हसले. रस्ता खणलेला असतोच कुठेतरी, धूळ असणारच. रस्ता दर वर्षी थोडा वर येतो आणि तळमजल्याच्या पायऱ्या गिळतो, हेही आम्हाला नवीन नाही. सुंदराबाईच्या दारातली पायरी दिसेनाशी झाली तेव्हा मी एवढाच विचार केला.

गणपती गेल्यावर एकदा हौस म्हणून मी जुन्या नकाशाखाली आजचा नकाशा सरकवला. गाडी आता कुठल्या गल्लीतून गेली असती ते सुशांतला दाखवायचं होतं. एक वळण मेडिकलच्या दुकानातून गेलं, एक पिठाच्या गिरणीतून. आम्ही हसत होतो.

लाल खूण समोरच्या चाळीवर होती. तळमजला, कोपऱ्यातली खोली.

 

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई झाडताना दिसली नाही. मी खाली गेले. तिचं दार आत उघडतं, ते उघडेना. खांदा लावून ढकललं तेव्हा जेमतेम माझ्यापुरती फट झाली.

आत उन्हात तापलेल्या दगडाचा वास होता. जमीन स्वच्छ होती, चोपून बसवल्यासारखी. लाद्या दिसत नव्हत्या. खाटेचे पाय आखूड वाटत होते.

"दातात कचकचता गो," ती खाटेवर पडूनच म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. पदराला लालसर ओल लागली. रक्त नव्हतं. रवाळ होतं.

मी वर आले आणि ती खूण समुद्रात नेऊन टोचली.

गाडी गेली, थांबली, भरलेलीच परत आली. मग खूण एका मैदानात टोचली, मग एका बंद गिरणीच्या आवारात. डबे कलंडले नाहीत. जिथे माणूस नव्हतं तिथे गाडीला काही उतरवायचंच नव्हतं.

आठवड्याभरात सुंदराबाई उठली. तिचं दार पुरतं उघडू लागलं.

आठवड्याभरात सुशांतची मूठ मिटली. आधी नुसती लुळी असायची. आता ती आवळत गेली, इतकी की नखं तळव्यात रुतली. मी कापडाची घडी करून आत सारायचे, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"तिचं दार उघडतं ना आता?" त्याने एकदा विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"डबे कलंडले की ती खोकायची. तुला ऐकू येत नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"खूण हलवलीस तेव्हा बरं वाटलं, दुर्गा. मला तोंड नव्हतं ते सांगायला." तो भिंतीकडे वळला. "ती गाडी काढून टाक आता. तू भरवतेस, मी जेवतो. चाललंय."

त्या संध्याकाळी कापड बदलताना तळव्यातून रक्त आलं. तो ओरडला नाही. त्याने डाव्या हाताने माझा दंड धरला आणि सोडला नाही.

तो झोपल्यावर मी गाडी काढून टाकायला बसले.

काढून टाकली नाही. नकाशा सरकवत प्रभादेवीला गेले. नणंद राहते ती गल्ली सोडली. बँकेत आमचं काम करून देणारी ओवी राहते ती सोडली. देवळाजवळची सोडली, तिथे आमचे डॉक्टर आहेत. एका आडगल्लीत एक चारमजली इमारत होती. तिथे राहणारं कोणी मला आठवेना. मी बराच वेळ आठवून पाहिलं.

खूण टोचली.

सकाळी सुशांतला म्हटलं, एक रिकामी खाण सापडलीय, तिथे टाकूया. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं.

"रिकामी आहे ना?"

"हो."

डबे कलंडले. आता तो उजव्या हाताने दाढी करतो. चहा गाळून मला देतो, थोडा बशीत सांडतो.

मी त्या बाजूला जाणार नव्हते. पण त्याचं एक औषध प्रभादेवीच्याच दुकानात मिळालं आणि पाय आपोआप त्या आडगल्लीत वळले.

तळमजल्याच्या खिडकीत एक मुलगी उभी होती. खांद्यावर तान्हं बाळ. ती ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसत होती, टोक उजेडात धरून बघत होती, परत पुसत होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काकी, कोणाला शोधताय?"

"कोणाला नाही गं."

"सांगा ना, मी ओळखते इथे सगळ्यांना. दमलात का? पाणी देऊ?" तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गजाला टेकली. "मी इथलीच. माझं नाव..."

मी घाईने हात हलवला आणि रस्ता ओलांडला. नाव मी ऐकलं नाही.