हिरव्या दिवसांतला जांभळा झगा

अंधेरीच्या गावठाणातल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेला फादर घालतात तो झगा आदल्या संध्याकाळी काढून ठेवायचं काम फ्रेडाचं. जन्मभर पार्ल्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली बाई. तिच्या हातून रंगाची चूक होणं म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवणं.

रंग तर ठरलेलेच असतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा, ईस्टरआधीच्या उपवासकाळातही जांभळा. दोन्हींत मध्येच एक रविवार गुलाबी, म्हणजे वाट पाहणं निम्म्यावर आलं, जरा हसा. शेवटी पांढरा. उरलेलं बहुतेक वर्ष साधा हिरवा.

बांद्र्याची जत्रा उरकली होती, दिवस हिरवेच होते. फ्रेडाने शनिवारी झग्यांच्या खोलीत हिरवा झगा टेबलावर पसरला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली घरी नेली. सकाळी टेबलावर जांभळा होता. हिरवा कपाटात, हँगरला. वय झालं म्हणायचं, असं पुटपुटत तिने झगे बदलले.

पुढच्या रविवारी पुन्हा जांभळा. तिने तो खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला, हुंगला. ताज्या रंगाचा वास नाही, ओल नाही, फक्त धूप.

"उंदीर असतील गं," वेदीवर फुलं लावणारी लूर्डस म्हणाली.

"आपल्या उंदरांना घड्या घालता येतात?"

भीती नव्हती तिला. उलट शनिवारची ती वाटच पाहू लागली.

तिसऱ्या खेपेला टेबलावर गुलाबी झगा होता. तो ट्रंकेत तळाशी, डांबरगोळ्यांत असायचा. ट्रंकेवर मेणबत्त्यांचे खोके जसेच्या तसे होते, धुळीसकट. फ्रेडा बाकावर बसली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जांभळा, जांभळा, गुलाबी. कुणीतरी इथे अवेळीच आगमनकाळ पाळत होतं. कुणीतरी यायचं होतं.

तिला दुसरं कोण आठवणार? ब्रेंडन, तिचा एकुलता एक. बोटीवर कामाला होता, गेल्या वर्षी भर समुद्रात बोटीवरून नाहीसा झाला. प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून फ्रेडाने घराच्या दाराला आतून कडी घातली नव्हती.

"आंटी, मयताची मिस्सा करून टाकू या ना," फादर एल्रॉय त्याच दिवशी पुन्हा म्हणाले. "त्याच्या आत्म्याला शांती नको?"

"प्रेत दाखवा फादर, मग करू."

आगमनकाळात गुलाबीनंतर एकदाच जांभळा, आणि मग नाताळचा पांढरा. पुढच्या रविवारी खरंच जांभळा आला. फ्रेडाला रडू फुटलं, आनंदाने. त्या आठवड्यात तिने ब्रेंडनचे शर्ट इस्त्री केले, खारदांड्याहून बोंबील आणले. शनिवारी रीतीप्रमाणे हिरवा झगा पसरून ती घरी गेली.

सकाळी टेबलावर लाल होता.

 लूर्डस फुलांची टोपली घेऊन आत आली.

"हे काय, लाल? त्या वेळेसारखंच झालं की!"

"कुठल्या वेळेसारखं?"

"तू माझ्याकडे किल्ली देऊन वसईला बहिणीकडे गेलेलीस ना, जत्रेनंतर? त्या रविवारी इथे जांभळा होता. मला वाटलं, मीच चुकले. गुपचूप हिरवा ठेवून दिला. तुला कशाला सांगू, हसली असतीस."

फ्रेडाने बोटांवर रविवार मोजले.

म्हणजे गुलाबीच्या आधी जांभळे दोन नव्हते, तीन होते. तीन जांभळ्यांनंतर गुलाबी येतो तो आगमनकाळात नाही, उपवासकाळात. मग एक जांभळा. मग ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारचा लाल. मग गुड फ्रायडे, येशूचं मरण. आणि मग ईस्टरचा पांढरा.

पांढरा येणारच होता.

पण आगमनकाळाच्या शेवटी जन्मलेला येतो. उपवासकाळाच्या शेवटी, मेलेला.

शुक्रवारी वेदी उघडी होती, गुड फ्रायडेला असते तशी. वेदीवरचं कापड बाजूच्या बाकावर घडी करून ठेवलेलं. लूर्डस म्हणाली, मी नाही काढलं.

शनिवारी फ्रेडाने झगा काढलाच नाही. दिवेलागणीला घरी आली आणि वर्षभरात पहिल्यांदा दाराला आतून कडी घातली. खुर्चीत बसली. ब्रेंडनचे शर्ट समोर दोरीवर होते.

थोड्या वेळाने उठून तिने कडी काढली.

मग कपाटातून जुना टॉवेल आणून उंबरठ्यावर पसरला. ओला असेल तो.