कोरं दूध

निरामयनगरीत कोणी शिंकले, तर त्याची बातमी होत असे. चाळीस वर्षांपूर्वीच्या महासाथीनंतर पठारावर हा काचेचा घुमट उभा राहिला. आत येणारी हवा सात चाळण्यांतून गाळली जाई. ऋतूसुद्धा हात धुऊन आल्यासारखे वाटत. केतकी याच काचेखाली जन्मली, इथेच आई झाली. सत्तावीस वर्षांत तिला एकदाही ताप आला नव्हता.

आता काच थकली होती. येत्या चैत्रात घुमट उतरवायचा होता.

"तुमचं दूध कोरं आहे," दूधवाचनाचा पडदा तिच्याकडे वळवत डॉ. वैजयंती टिपणीस म्हणाल्या.

"कोरा चहा असतो, डॉक्टर. दूध कसलं कोरं?" मांडीवरच्या चार महिन्यांच्या रेणूला थोपटत केतकी हसली.

"पोषण भरपूर आहे. पाजण्यानं तुमचंही भलंच होतंय. गर्भाशय आकसलं, पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही उतरेल. पण दुधात प्रतिपिंडं असतात, रोग ओळखून अडवणारे पहारेकरी. आईला जे रोग भेटले, त्यांचेच पहारेकरी. तुम्हाला कोण भेटलंय?"

पडद्यावर पहारेकऱ्याची एकही रेघ नव्हती. बर्फासारखा तो शुभ्रपणा केतकीला पहिल्यांदाच बोचला.

"मग रेणूला लस द्या."

"ओळखीच्या रोगांची देऊच. बाहेर चाळीस वर्षांत काय काय रुजलंय, त्याची लस कुठून आणू?" डॉक्टर पुढे झुकल्या. "एक उपाय आहे. रोगभेट. आईनं बाहेर जायचं, माणसांत बसायचं, आजारी पडायचं आणि पाजत राहायचं. धोका आहे, केतकीताई. लपवत नाही."

"चैत्राला किती दिवस आहेत?"

"बहात्तर."

"मग बसलात काय? दार उघडायला सांगा."

घुमटाबाहेर, पठाराखालच्या गावात बाजार भरला होता. केतकी कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी टेकली. खोकणाऱ्या भाजीवालीने तिला निरखले.

"बाई, लांब सरक. माझा खोकला लागंल तुला."

"त्यासाठीच आलेय, मावशी."

"येडी का काय!" म्हणत मावशीने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. तोंडाला फडके बांधून, कण्हत, केतकीने रेणूला पदराखाली घेतले. आठवड्याने पडद्यावर एक निळी रेघ उमटली, कोवळी, पहिल्या अक्षरासारखी. नगरीत घरोघर पेढे वाटले गेले. एका आईला ताप आला म्हणून पेढे! शेजारणी दाराशी येऊन तिचे कपाळ चाचपत, आणि चटका बसला की हसत.

तापाच्या नवव्या दिवशी डॉक्टरांनी तापमापक उजेडात धरला.

"उतरला," त्या हळूच म्हणाल्या.

खोलीत कोणी हसले नाही. पडद्यावर अजून एकाच रोगाची रेघ होती. केतकीला कित्येक दिवसांनी भूक लागली होती, अंग हलके झाले होते; आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली.

रेणूला दुसऱ्या कुशीवर घेत तिने विचारले,

"पुढचा बाजार कधी भरतो?"