ढालाईताची मुलगी

शाल्मली बोंद्रे ढालाईत निघाली, तेव्हा राजारामपुरीतल्या गल्लीत पेढे वाटले गेले पण तिच्या आईनं पेढ्याला हात लावला नाही.

आई, म्हणजे चित्ररेखा बोंद्रे, स्वतः ढालाईत होती, आणि तीही ऐऱ्यागैऱ्यांतली नव्हे. अग्निशमन दलात केंद्र अधिकारी, चोवीस वर्षांची नोकरी. सूतगिरणीच्या आगीतून एका दुपारी तिनं तिघांना खांद्यावर घालून बाहेर आणलं होतं. मैलावरून येणारा ढालाईत आपण ओळखतो, असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं. म्हणूनच तिला खात्री होती की पोटची पोर ढालाईत नाही. शाल्मलीला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी भोवळ यायची. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची.

पण ‘नवकोट’नं तिला ढालाईत ठरवलं होतं, आणि नवकोटाच्या शब्दाबाहेर जायची आता कुणाची प्राज्ञा नव्हती.

सुरुवातीला नवकोट हा नुसता खेळ होता. डोळ्यांवर आभासी दृश्यांची पट्टी चढवायची, पाचजणांची टोळी करायची आणि राक्षसांच्या ताब्यातले नऊ कोट जिंकायचे. खेळाडूंचे वर्ग पाच. तिरंदाज लांबून मारतो, मांत्रिक एका मंत्रात दहांना लोळवतो, हेर वाट काढतो, वैद्य जखमा भरतो आणि ढालाईत सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खातो, म्हणजे मागचे चौघे वाचतात. तिसाव्या पायरीवर प्रत्येक वर्गाला शाखा फुटते. ढालाईताच्या दोन. ‘बुरूज’ शाखेचा जागचा हलत नाही. ‘झेप’ शाखेचा मात्र जिथं घाव पडणार तिथं उडी घेऊन आडवा येतो. वर्ग आपण निवडायचा नसतो. सतराव्या वर्षी चाळीस प्रश्नांची कल-चाचणी होते आणि खेळ सांगतो, तू अमुक. एकदा ठरलं की ठरलं.

पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं की खेळातले वैद्य खऱ्या इस्पितळात सरस ठरतात आणि झेपवाले ढालाईत खऱ्या आगीत. मग भरती वर्गावरून होऊ लागली. मग कॉलेजातले प्रवेश. मग लग्नाच्या जाहिराती आल्या, ‘सुस्वरूप वैद्य मुलीसाठी ढालाईत वर पाहिजे, तिरंदाजांनी तसदी घेऊ नये’. माणसांचे असे वर्ग पाडायचं काम आपल्या समाजाला शिकवावं लागलं नाही. हात बसलेलाच होता.

शाल्मलीला झेप शाखेचं पत्र आलं होतं. अग्निशमन प्रबोधिनीत पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. चित्ररेखानं आजवर चार सहकाऱ्यांना खांदा दिला होता. पाचवी तिरडी घरातून निघायला नको म्हणून तिनं रजा टाकली, गाडी काढली आणि घाट उतरून वेंगुर्ल्याला गेली. ज्यांनी कल-चाचणी लिहिली, ते डॉ. यशोधन केळुसकर निवृत्त होऊन तिथं आंब्याची रोपवाटिका चालवत होते.

म्हातारा मातीत बसून कलमं बांधत होता. चित्ररेखानं आडपडदा ठेवला नाही.

“डॉक्टर, तुमचं मशीन चुकलंय. माझी पोरगी ढालाईत न्हाई. तपासून बघा की परत.”

“चुकलेलं नाही, बोंद्रेबाई,” केळुसकर म्हणाले. “चुकायला आधी मोजावं लागतं.”

“म्हणजे?”

त्यांनी हात झटकले. हे सांगायला माणूस मिळावं म्हणून ते जणू वर्षानुवर्षं थांबले होते.

“पहिल्या वर्षी वर्ग ज्याचा त्यानं निवडायचा, असं होतं. तुमच्या एका जिल्ह्यात अकरा हजार तिरंदाज झाले आणि ढालाईत नव्वद. सगळ्यांना मागं उभं राहून बाण मारायचे होते. टोळी जमायला चार-चार तास लागायचे. खेळ बुडायची वेळ आली. तेव्हा मी कल-चाचणी काढली. पुरात घर बुडतंय, काय वाचवाल? मित्र खोटं बोलला, काय कराल? चाळीस प्रश्न. उत्तरं मी वाचतच नव्हतो. त्या क्षणी जिल्ह्यात ज्या वर्गाचा तुटवडा असेल, तो वर्ग द्यायचा आणि लिहायचं, हा तुमचा स्वभाव आहे. आजही तसंच चालतं.”

“चिठ्ठ्या टाकल्या म्हणा की.”

“चिठ्ठ्याच.”

चित्ररेखा हसली. “खोटं. मग आमच्या दलातली पोरं आगीत शिरतात ती कशी? ती काय तुटवड्यापायी शिरतात व्हय?”

“तीच तर गोम आहे. मीही चक्रावलो होतो.” केळुसकरांनी एक रोप उचललं. “हे बघा. खाली रायवळ आंब्याची कोय आहे. वर हापूसची काडी बांधली. दोन महिन्यांत जीव धरेल, आणि पुढं जन्मभर हे झाड हापूसच देईल. माणसाचा मेंदू सतराव्या वर्षी असाच ओला असतो. मी कोण, याचा एक नकाशा तो स्वतःसाठी काढत असतो आणि पुढं काय करायचं हे त्या नकाशात पाहून ठरवतो. त्या वयात कुणी अधिकारानं सांगितलं, तू ढालाईत. रोज चार तास तसं खेळवून घेतलं. आणि घरादारानं तसंच वागवलं, तर नकाशा तसाच निघतो. पुढं भीती वाटली तरी मेंदू नकाशा बघतो आणि पाय पुढं टाकतो. मी याला स्वभावारोपण म्हणतो. दहा वर्षांपूर्वी खरोखर मोजणारं यंत्र केलं. जुन्या खेळाडूंना तपासलं, तर शंभरात चौऱ्याण्णवांचा स्वभाव चिठ्ठीबरहुकूम निघाला.”

चित्ररेखानं कलमाच्या गाठीवर बोट ठेवलं.

“मग सूतगिरणीत आत गेली ती कोण?”

“तुम्हीच. चिठ्ठीच्या आधीची मुलगी कशी होती ते आता तुम्हालाही सांगता येणार नाही.”

ती आठवू लागली. सोळाव्या वर्षीची चित्ररेखा तिला आठवली ती झाडावर चढताना, पोरांशी भांडताना. सगळं धीटच. या आठवणीही चिठ्ठीनंतरच रंगवलेल्या नसतील कशावरून, असं तिच्या मनात आलं.

केळुसकर म्हणाले, “मुलीला वर्ग लागून दोनच महिने झालेत ना? काडी अजून ओली आहे. फेरतपासणीचं पत्र अजूनही माझ्याच सहीनं निघतं. मोजमापात चूक झाली, तुम्ही अमुक आहात, असं. सांगाल तो वर्ग लिहितो. सोमवारी सकाळपर्यंत कळवा. तुमचं कलम जुनं, ते कळूनही हलणार नाही; फक्त तिला यातलं काही सांगू नका. चिठ्ठी आहे असं कळलं, तर जुनं सुटेल आणि नवं धरणार नाही. अशी चार माणसं मी पाहिली आहेत. ती नुसती बसून असतात.”

घाट चढताना चित्ररेखाचं ठरलं होतं. वैद्य. हात धुऊन काम, डोक्यावर पक्कं छत. यात कसला आलाय विचार!

घरी पोचली तर शाल्मली कोपरापर्यंत पट्टी बांधून सोफ्यावर बसलेली.

“घाबरू नकोस गं आई. प्रयोगशाळेत स्पिरिटची बाटली भडकली. आफरीनची ओढणी पेटली. सगळ्या ओरडत दाराकडं पळाल्या. मी मधी पडले आणि ओढणी हातानंच विझवली.”

“भीती नाही वाटली?”

“लई वाटली की! पण पाय आपोआप पुढं गेले.” ती लाजून हसली. “ढालाईत आहे ना मी.”

चित्ररेखानं पोरीला जवळ ओढलं. तिला रडू फुटलं. आजवर या मुलीवर तिनं माया केली होती, काळजी केली होती. पण अभिमान, छाती भरून यावी असा अभिमान, आज पहिल्यांदा वाटत होता. दोन महिन्यांत ही नवी पोर घरात आली होती आणि ती आईला फार आवडली होती. सोमवारी वैद्य लिहिलं की या पोरीचं काय होणार, हे तिला आता नीट ठाऊक होतं.

रविवारभर ती पोळ्या लाटता लाटता झगडत राहिली. पोरीला विचारावं का? चित्ररेखा स्वतः वैद्य असती तर तिनं आधी विचारलंच असतं, कुठं दुखतंय, काय हवंय. हेर असती तर तिसरी वाट शोधली असती. पण ढालाईत मागच्याला विचारत बसत नाही. घाव येताना दिसला की तो आडवा जातो. आपला निर्णयही त्या जुन्या चिठ्ठीनंच घेतलाय, हे तिला लख्ख दिसलं, आणि दिसूनही फरक पडला नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता तिनं फोन लावला.

“डॉक्टर, वैद्य लिहा.”

पत्र आल्यावर शाल्मली दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी नव्या वर्गात खेळायला बसली. आठवड्याभरात ती आईच्या चहातली साखर कमी करू लागली. इस्पितळाच्या अभ्यासक्रमात तिला सहज प्रवेश मिळाला, आणि चित्ररेखा पहिल्यांदा निवांत झोपू लागली.

ईदच्या दिवशी आफरीन मुजावर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, सोबत तिची आईही. आफरीनच्या अम्मींनी शाल्मलीचा भाजलेला हात हातात घेतला आणि डोळ्यांना लावला.

“माझ्या पोरीसाठी आगीत उडी घेतलीस गं बाळा.”

“छे हो काकू, उडी कसली!” शाल्मली मोकळेपणानं हसली. “मी तर घाबरून जागीच थिजले होते. पळताच आलं नाही म्हणून भाजले. खरं काम त्यानंतरचं. आफरीनच्या मानेवर थंड पाणी धरलं ना मी, तेव्हाच मला आतून कळलं, मी वैद्य आहे. पहिल्यापासून वैद्यच होते.”

आफरीन बावरून तिच्याकडं बघत राहिली. मग चित्ररेखाकडं वळली.

“काकू, असं नव्हतं झालं. ही धावत आली होती. मी बघितलंय. पाणी तर मॅडमनी ओतलं. तुम्ही सांगा की हिला!”

शाल्मलीनं आईकडं पाहिलं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली होती, काहीतरी निसटतंय आणि सापडत नाही अशी.

ती आठी चित्ररेखाला दिसली आणि डॉक्टरांनी सांगितलेली ती नुसती बसून असणारी माणसं आठवली. ती उठून दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

“धुरात काय दिसतंय, आफरीन?” ती म्हणाली. “तूच घाबरली होतीस. तुझं चुकलं असंल.”

“तेच म्हणते मी,” शाल्मली म्हणाली, आणि तिची आठी विरून गेली.