एकट्यांचा दिवस

“आक्का, डोळे मिटा... आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं!”

भावजय दारातूनच ओरडली, आणि रविवारचे कपडे वाळत घालणाऱ्या आक्काने ओल्या हातांनीच डोळे झाकून घेतले. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने असं लहान मुलीसारखं उभं राहायचं म्हणजे... पण खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं! खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा आला, आणि मग, “उघडा!”

टेबलावर केक होता. त्यावर एकच मेणबत्ती. आणि गुलाबी साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘एकट्यांचा दिवस! आमच्या आक्कांना शुभेच्छा!’

आक्काने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. सारा जन्म चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तिने परक्यांसाठी काचा घासल्या होत्या, आणि आज तिलाच समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. ही थट्टा आहे? की माया? हसावं की सरळ आत निघून जावं? तिला काही म्हणजे काही कळेना!

भावजयीचं काम तरी कसलं! दुकानांच्या जाहिराती लिहायच्या, आणि त्यासाठी जगात कुठे कसला दिवस असतो ते हुडकून काढायचं. हरवलेल्या मोज्यांचा दिवस, शेजाऱ्याला नमस्कार करण्याचा दिवस, उलटे कपडे घालण्याचा दिवस! लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे खूळ घरात शिरलं होतं. आक्काचा धाकटा भाऊ त्यावर नुसता चिडायचा. “रोजच सण, मग माणसाने साधं जगायचं कधी?” आक्काही तोंडाने त्याचीच री ओढायची, पण उलट्या कपड्यांच्या दिवशी दुकानात कामाच्या अंगरख्याखाली तिने स्वेटर उलटा घातला होता, आणि दिवसभर एकटीच गालात हसत होती. हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“आवडलं ना? तुम्ही स्वतःच्या मर्जीने एकट्या राहिलात, कुणाच्या बापाला भ्याला नाहीत, म्हणून...” भावजय उत्साहाने सांगत होती, तोच भाऊ भाजीच्या पिशव्या घेऊन आत आला. त्याने केक पाहिला. पिशव्या तिथेच जमिनीवर पडल्या.

“काय आहे हे?”

“अरे, आज एकट्यांचा...”

“लाज नाही वाटत? तिच्या जखमेवर मेणबत्ती लावतेस?”

“जखम?” भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे, तूच तर म्हणाला होतास, आक्काला लग्न नकोच होतं म्हणून!”

“मग काय सांगणार होतो? माझ्यामुळे राहिली म्हणून सांगू? त्या चित्रकलेच्या मास्तरांनी मला वसतिगृहात ठेवायला सांगितलं, आणि हिने त्यांनाच नाही म्हटलं, हे सांगू?”

आक्काने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बावीस वर्षं! बावीस वर्षं तिने ते गुपित काळजाच्या तळाशी जपलं होतं. आई-वडील एकाच वर्षात गेले, तेव्हा हा तेरा वर्षांचा, ती चोवीसची. मास्तरांनी तिला मागणी घातली होती. भला माणूस होता, पण म्हणाला, “मुलाची सोय बाहेर करू.” तिने त्याला बाहेरच्या खोलीतच निरोप दिला, डोळे पुसले, आणि आत येऊन भावाला म्हणाली, “मला बाई लग्नबिग्न नकोच!” त्याने मान डोलावली होती. त्याने विश्वास ठेवला, असं समजून ती धन्य झाली होती...

“तुला... ठाऊक होतं?” तिचा आवाज तिलाच परका वाटला.

भाऊ मटकन खाली बसला. “दाराआड उभा होतो मी. सगळं ऐकलं. तू आत आलीस, खोटं बोललीस, आणि मी... मी गप्प बसलो गं! खरं बोललो असतो तर मला जावं लागलं असतं. मला भीती वाटली, आक्का! आणि मग मोठा झालो तरी जीभ उचलेना. घरात कुणी काही साजरं करायला लागलं की मला वाटतं, हे तुझ्याकडून हिसकावून घेतलंय...”

आक्काला वाटलं, आता आपण विरघळून जाऊ. पण कसचं काय! आतून उसळला तो संताप. याला ठाऊक होतं, आणि तरी आजारपणात, परीक्षांत, याच्या लग्नात, एकदाही याने ‘आक्का, तू माझ्यासाठी...’ एवढं म्हटलं नाही? आणि त्या संतापाच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट वर आली; इतकी अनोळखी, की ती दचकलीच.

“सोन्या,” ती सावकाश म्हणाली, “सगळंच तुझ्यासाठी होतं की नाही, तेही मला आता नक्की सांगता यायचं नाही रे.”

“म्हणजे?”

“मास्तर निघून गेले ना, तेव्हा रडले मी, खूप रडले. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मला हलकं वाटलं होतं! ते माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचे. मला त्या हलकेपणाची इतकी शरम वाटली, की मी त्याला त्याग म्हणायला लागले... की तो खरंच त्याग होता? देवा, मला काहीच समजत नाहीये!”

आणि ती हुंदके देऊ लागली. भावाने तिच्या पायांना मिठी मारली. “माफ कर मला. नुसतं एवढं म्हणायला बावीस वर्षं लागली...” तिचा हात आपोआप त्याच्या केसांतून फिरू लागला, तिथे आता पांढरे केस होते, आणि तेही तिला आजच दिसले.

भिंतीला टेकून भावजय मुसमुसत होती. “आक्का, मी फार चुकले ना हो?”

“चुकलीस! चांगलीच चुकलीस,” आक्का म्हणाली. मग तिने डोळे पुसले, आणि दुसरा हात तिच्याकडे पसरला. “पण पोरी, मी एकटी आहे, हे या घरात इतकी वर्षं कुणी मोठ्याने म्हटलंच नव्हतं गं. ये, इकडे ये. अशी लांब उभी राहू नकोस.”

भावजय धावत आली, आणि आक्काच्या कुशीत शिरली.