तबेल्यातली गुणगुण

दसऱ्याच्या सकाळी ठाकूरद्वारच्या वाडीत मोटारीच्या पूजेची तयारी चालली होती. त्याच वेळी हेरंब, त्याची चुलत बहीण कालिंदी आणि धाकटा भाऊ दत्तू तबेल्यामागे उभी राहून आत कसं शिरायचं ते ठरवत होती. तबेल्याला बाहेरून कुलूप होतं, आत माणूस नव्हतं, तरी आतून गुणगुण ऐकू येत होती. भिंतीत कोंडलेल्या भुंग्यासारखी, एकसारखी.

मोटार त्यांच्या रघुवीरकाकांची. काका वकील होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली आणि घोड्याच्या जागी उभी केली. आज सकाळी त्यांनी ती सुरू करायला घेतली, पण दोन आचके देऊन ती बंद पडली. मग मोलकरीण गंगुबाई तिचं पितळ पुसायला गेली आणि किंचाळून मागे कोसळली. तिचा उजवा हात अजून बधिर होता. गाडीत काहीतरी शिरलंय, असं ती रडत सांगत होती. काकांनी तिला भित्री ठरवलं, तबेल्याला कुलूप घातलं आणि ते आंघोळीला गेले.

दत्तूला दाराशी पहाऱ्याला बसवून दोघं गवत टाकायच्या खिडकीतून आत उतरली. आत उग्र वास कोंडला होता. गुणगुण आता अगदी जवळून, मोटारीच्या बैठकीखालून येत होती. कालिंदीने मागे खिडकीकडे पाहिलं.

"दादा, परत जाऊ या," ती पुटपुटली.

हेरंबालाही तेच हवं होतं, पण शाळेत मास्तरांनी असंच गुणगुणणारं विजेचं यंत्र दाखवलं होतं, ते त्याला आठवलं. वीज असेल तर अंधारात दिसेल, असं त्याने सांगितलं आणि खिडकीची फळी ओढून घेतली.

काळोख झाला आणि बैठकीखाली निळी ठिणगी लुकलुकताना दिसली. विझायची, पुन्हा पेटायची.

फटींतल्या मंद उजेडाला डोळे सरावल्यावर दोघं वाकून पाहू लागली. वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांतून दोन तारा एका लाकडी पेटीत गेल्या होत्या. गुणगुणत होती ती पेटी. तिच्यातून निघालेली जाड तार यंत्राकडे गेली होती आणि वाटेत एका लोखंडी पट्टीला घासत होती. तिथलं रबर झिजून तांबं उघडं पडलं होतं. यंत्रात पोचायची ती वीज मध्येच लोखंडात उतरत होती. म्हणून मोटार चालत नव्हती आणि म्हणूनच गंगुबाईला झटका बसला होता.

"भूत नाही गं," हेरंब म्हणाला. "काका ती खुंटी काढायला विसरले."

पुढच्या फळीवर वीज चालू-बंद करणारी, लाकडी मुठीची पितळी खुंटी होती. मोटार चालवताना काका ती आत बसवत आणि उतरल्यावर काढून घेत. हेरंबाने हात पुढे केला, तेवढ्यात कालिंदीने तो घट्ट धरला. तिच्या पायाला काहीतरी गार लागलं होतं. ठिणगीपासून हातभर अंतरावर टाकीच्या तोटीतून पेट्रोल ठिबकत होतं. कोंडलेला वास त्याचाच होता.

इतक्यात बाहेरून दत्तूची हाक आली आणि कुलूप खडखडलं. दार उघडलं. सोवळं नेसलेले काका पुढे होते, मागे दुर्गाकाकूंच्या हातात पूजेचं ताट. ताटात निरांजन पेटलेलं.

हेरंब धावत दारात आडवा झाला. "काकू, दिवा आत आणू नका."

काकांना संताप आला; त्यांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. कुलूपबंद तबेल्यात शिरल्याबद्दल त्यांनी त्याला फैलावर घेतलं, मुहूर्त टळतोय म्हणाले आणि त्याला बाजूला सारून काकूंना आत बोलावलं. काकूंनी उंबऱ्यापाशी पाऊल उचललं.

कालिंदी मोटारीपाशी एकटीच होती. खुंटीची मूठ लाकडाची असली तरी सभोवार पितळच पितळ होतं. गंगुबाईचा लुळा हात तिच्या डोळ्यांसमोर आला. रेशमातून वीज जात नाही, असं हेरंबाने मघाशी अंधारात सांगितलं होतं, पण ते खरं की खोटं हे तिला कुठे ठाऊक होतं? तिने सणाच्या रेशमी परकराचा घोळ हाताभोवती गुंडाळला, डोळे मिटले आणि खुंटी उपसली.

गुणगुण थांबली. त्या शांततेत पेट्रोलचे थेंब पडताना सगळ्यांना ऐकू आले.

काकूंना वास आला. त्या तशाच मागे वळल्या, ताट थेट विहिरीपाशी नेऊन ठेवलं आणि निरांजन शांत केलं.

काका अजून मुलांचं ऐकून घ्यायला तयार नव्हते. तेव्हा आजोबा, म्हणजे अप्पा, बाहेर आले. त्यांनी तोटी घट्ट करायला लावली, जमीन धुऊन घेतली आणि वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवली. दुपारी दारं लावून हेरंबाने खुंटी पुन्हा बसवली. निळी ठिणगी काकांनी स्वतः पाहिली. त्यांची नजर तिच्यावरून तोटीकडे गेली आणि त्यांनी स्वतःच खुंटी उपसली.

मग मुलं कामाला लागली. काकूंनी जुन्या रेशमी लुगड्याच्या चिंध्या दिल्या. चुलीवर मेण पातळ करून हेरंबाने त्यात त्या बुडवल्या, उघड्या तारेवर एकावर एक घट्ट गुंडाळल्या आणि तार लोखंडापासून दूर, लाकडाला बांधून टाकली. खुंटी बसवून पुन्हा अंधार केला. या वेळी कुठेच काही चमकलं नाही. काकांनी यंत्राचं चाक फिरवलं आणि मोटार न अडखळता सुरू झाली.

पूजा फुलांनीच झाली. काकांनी आधी गंगुबाईची माफी मागितली, मग मुलांकडे वळले. "मी ऐकलं नाही. तुम्ही होतात म्हणून काकू आज उभी आहे," ते म्हणाले.

अप्पांनी हेरंबाची पाठ थोपटली, कालिंदीला जवळ बसवलं आणि एवढं धाडस तिने कुठून आणलं असं विचारलं. "दादाने रेशमाचं सांगितलं होतं," ती म्हणाली. सकाळी खुंटी उपसणारे तिचे हात आताही परकराचा घोळ चुरगळत होते. काकूंनी ते आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.