फवारेबुवांची पिशवी

धाकट्याने आपली कामाची पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी केली, तिची शिवण नखाने उसवली, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातले ढेकूण मारून ज्याने नाव कमावलं त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला... कारण शिवणीत ढेकणांचं एक सुखी, एकत्र कुटुंब नांदत होतं.

परसाच्या दारात त्याची मोठी बहीण, ताई, उभी होती. तीन आठवडे मावशीकडे राहून, डोळ्याचं ऑपरेशन उरकून ती कालच परतली होती. एका डोळ्यावर पट्टी होती, तरी उरलेल्या डोळ्याला जे दिसायला नको ते सगळं दिसलं.

"ही माझी पिशवी," धाकटा म्हणाला.

"मग काय शेजाऱ्यांची?" भावजय म्हणाली. तिच्या दोन्ही दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या. आठवडाभर त्यांनी पलंग, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उकलून पाहिलं होतं. पिशवी तेवढी राहिली होती. मारणाऱ्याची पिशवी कोण तपासतो?

"पण नऊ वर्षांत या घरात एक गोधडी आलेली नाही," तो पुटपुटला. "मग तेव्हाचे..."

ताईने पदर तोंडाशी धरला. नऊ वर्षं उराशी जपलेलं गुपित असं फवाऱ्याच्या नळीशेजारी उघडं पडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेव्हा ताई गोधड्या पुऱ्या करून द्यायची. गोधडी सुरू करणारं कुणीतरी बहुतेक घरांत असतं, पुरी करणारं नसतं. कुणाचे हात थकतात, कुणाचे डोळे जातात, कुणी टाका अर्धा ठेवून कायमचंच निघून जातं. अशा अर्धवट गोधड्या लोक ताईकडे आणत, आणि ती आधीच्या बाईचा टाका इतका हुबेहूब उचले की जोड कुठे आहे ते तिला स्वतःलाही सापडत नसे. त्यात तिच्या एकाकी जिवाचं सारं सार्थक होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात, धाकट्याच्या लग्नाला तीन महिने झालेले असताना, घरात ढेकूण निघाले. नवी सून अंग खाजवत खोलीच्या मधोमध उभी राहून रडत होती. पिशवीचा पट्टा शिवताना पहिला ढेकूण ताईलाच दिसला होता. धाकट्याने नुकताच स्वतःचा धंदा काढला होता, गल्ली त्याला कौतुकाने फवारेबुवा म्हणायला लागली होती... आणि फवारेबुवाच घरी ढेकूण घेऊन येतात हे कळल्यावर त्याला कोण दारात उभं करणार होतं? ताई शांतपणे म्हणाली, "माझ्या गोधड्यांतून आले असतील."

धाकट्याने सहा गोधड्या अंगणात जाळल्या. त्यातली एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची होती. त्यांच्या आईने सुरू केलेली, फक्त एका बाजूचा काठ उरलेला. बाई आल्या, राखेकडे पाहिलं आणि काही न बोलता गेल्या. दोन लागट शब्द बोलल्या असत्या तर ताईला ते तरी जवळ ठेवता आले असते.

मग गोधड्या यायच्या बंद झाल्या. ताई आपणहून परसातल्या खोलीत गेली, तिथेच जेवू लागली. दर उन्हाळ्यात धाकटा आधी तिची खोली फवारायचा, मग गिऱ्हाइकांची. मान मोठ्या बहिणीचा.

"ताई, एक विचारू?" भावजय हळूच म्हणाली. "दर शनिवारी हे आंघोळीला गेले की तुम्ही या पिशवीच्या शिवणींवरून कडक तापलेली इस्त्री फिरवायचात. मला वाटायचं, तुम्हाला इस्त्रीची हौस आहे. या तीन शनिवारी तुम्ही नव्हतात, आणि बघा."

शिवणीवरचं कापड इस्त्रीने पिवळं पडलं होतं, ते धाकट्याने आत्ता पाहिलं.

"तू सांगितलं का नाहीस?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"तुझी कार्डं छापून आली होती. पाचशे."

"पाचशे कार्डांसाठी, ताई?"

"दोन्ही बाजूंनी छापलेली होती रे..."

तो टेबलाशी बसला. "मी जाळल्या. माझ्या हातांनी. मास्क लावून."

"नीट जाळल्यास. शेजारी धूर गेला नाही."

"असं बोलू नकोस. मार मला हवं तर." त्याने डोळे पुसले. "मी आत्ता जातो. आधी बाईंकडे, मग ज्यांच्या गोधड्या जाळल्या त्या एकेकाला सांगतो."

"बाई गेल्या. दोन वर्षं झाली."

"ते टोपीवाले आजोबा?"

"मुलाकडे राहायला गेले. पत्ता कुणाकडेच नाही."

"बेकरीवाली?"

"तिला आता स्वतःचं नाव आठवत नाही. माझ्यावरचा आळ कुठून आठवणार?"

आणि ताईला उमगलं की निर्दोषत्व मिळायला फार उशीर झाला होता. ते हातात घेऊन उभं राहावं, पण ज्यांना दाखवायचं त्यांची दारंच राहिली नव्हती...

तेवढ्यात पुढची बेल वाजली. धाकटा तसाच उठला, त्याने दार उघडलं आणि समोरच्या म्हाताऱ्या दूधवाल्याला एका दमात सांगितलं, "काका, नऊ वर्षांपूर्वीचे ढेकूण ताईच्या गोधड्यांतले नव्हते. माझ्या पिशवीतले होते. तिचं काम चोख होतं."

दूधवाला या भागात आला त्याला चारच वर्षं झाली होती. त्याने ते अदबीने ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "आज अर्धा लिटर की एक?"

"एक," भावजय आतून म्हणाली. "रोज एक. ताई इथेच चहा घेतील."

मग तिने टेबल साबणाने दोनदा धुतलं आणि खुर्ची ओढून दिली. ताई पुढे आली खरी, पण नऊ वर्षांत घरातल्या खुर्च्या बदलल्या होत्या, आणि आपण कुठल्या बाजूला बसायचं असतं हे तिला काही केल्या आठवेना.