कायम नोकरीवाला मुलगा

उत्तराने हर्षदला पहिल्यांदा पाहिलं आणि पाचच मिनिटांत त्याला मैदानाबाहेर काढलं. मुद्दाम नाही हो, चुकून.

मुलुंडला शाळाशाळांची बास्केटबॉलची स्पर्धा होती. नववीतली उत्तरा टेबलावर गुणपत्रक लिहायला बसली होती; अक्षर चांगलं म्हणून बाईंनी तिलाच पुढे ढकललं होतं. पंचांनी शिट्टी मारली आणि एका हाताची पाच बोटं दाखवली, दुसऱ्या हाताचं एक. म्हणजे खेळाडू नंबर सहा. पण आमच्या उत्तराबाईंनी एक आणि पाच शेजारी-शेजारी मांडले आणि फाउल लिहिला पंधरा नंबरच्या नावावर. तो त्याचा पाचवा. पाच फाउल झाले की बाहेर, मग तुम्ही कोणी का असेना.

पंधरा नंबर म्हणजे घाटकोपरच्या भटवाडीतला हर्षद. ताडमाड मुलगा टेबलापाशी आला.

"चारच झालेत माझे."

"पाच झालेत. इथे लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून झाले का?"

"हो," उत्तरा ठणकावून म्हणाली. पंचांनीही कागदच खरा मानला. हर्षदची शाळा दोन गुणांनी हरली.

संध्याकाळी बाईंनी बोटांची खूण समजावून सांगितली तेव्हा उत्तराला आपली चूक कळली. रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती थेट त्याच्या शाळेच्या मैदानावर हजर.

"तुमची मॅच माझ्यामुळे गेली. चूक माझी होती."

हर्षदने चेंडू काखेत धरला. "एवढं सांगायला मुलुंडहून आलीस?"

"मग काय, पत्र टाकू?"

त्याला हसू आलं. "बस इथे. मी बोटं दाखवतो, तू नंबर ओळख. सगळे बरोबर आले तर माफ."

"आणि चुकले तर?"

"तर... उद्या परत यायचं."

मुलगी हुशार होती. तरीही चौदा नंबर काही तिला आठवडाभर ओळखता आला नाही.

पुढे हर्षद चढतच गेला. कॉलेज, मग उपनगरचा संघ, मग महाराष्ट्राचा. दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळला, आणि बाविसाव्या वर्षी एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून चिकटला. सकाळी सराव, दुपारी फायली. उत्तरा परीक्षा देऊन पालिकेच्या पाणी खात्यात लागली, आणि सुट्टीच्या दिवशी अजूनही सामन्यांना टेबलावर बसायची. आता तिचा कागद खरोखरच खरा असायचा. दोघांचं आहे हे घाटकोपर ते मुलुंड सगळ्यांना ठाऊक होतं. दोघांनी मात्र एकमेकांना तसं कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, असं दोघांनाही वाटायचं.

उत्तराचे वडील भाऊराव गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मग वॉचमनच्या खुर्चीवर उरलेली वर्षं गेली. जावयाबद्दल त्यांची एकच अट होती – कायम नोकरी. हर्षद खात्यात लागला, तसे ते स्वतः पेढे घेऊन भटवाडीत गेले. साखरपुडा ठरला.

आणि जानेवारीतल्या एका रविवारी मनोरीला जाणाऱ्या बोटीत हर्षद गप्प बसून राहिला. उत्तराने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कोपर मारलं.

"मंगोलियातल्या एका क्लबने बोलावलंय, आठवडा झाला," तो म्हणाला. "सात महिन्यांचा करार. उद्यापर्यंत कळवायचंय... मी 'नाही' म्हणून कळवणार आहे."

"का?"

"खातं सुट्टी देत नाही. राजीनामा द्यावा लागेल. मग तुझ्या बाबांना काय सांगू?"

उत्तराचं डोकंच फिरलं. "म्हणजे मी आड येतेय तुझ्या?"

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. उद्या बाहेरची मॅच टीव्हीवर लागली की तू माझ्याकडे बघशील. बोलणार नाहीस, नुसता बघशील. जन्मभर तसलं बघणं मला नको." ती थांबली. "तुला जायचंय का?"

हर्षदने पाण्याकडे पाहिलं. "हो."

"आणि मी?"

"तूही हवीस."

"मग आठवडाभर तोंड शिवून का बसलास रे?"

बोलली खरी, पण आतून ती घाबरलेली होती. बाबा नाही म्हणाले तर हा जाईल आणि आपण इथे पाण्याच्या तक्रारी लिहीत बसू, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी मनोरीला उतरून दोघं परतीच्या बोटीत बसले आणि तडक मुलुंडला आले.

भाऊरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"लागलेली नोकरी सोडणार? आणि गुडघा गेला तर?"

"तर परत येईन. मुलांना शिकवेन," हर्षद म्हणाला.

"मग आपली सोयरीक विसर. पगार थांबला की घरात काय होतं ते मी भोगलंय. पोरीला त्यात लोटणार नाही."

हर्षदने मान खाली घातली. उत्तरा पुढे आली.

"बाबा, तुम्हाला घरात कायम नोकरी हवी ना?"

"हवीच."

"मग आहे की. माझी."

"बायकोच्या जिवावर—"

"गिरणी बंद पडल्यावर आईने बारा वर्षं पोळीभाजीचे डबे केले. तेव्हा तुम्हाला घरात कोणी असं बोललं का?"

भाऊराव भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहत राहिले. मग हर्षदला म्हणाले, "थंडी किती असते तिकडे?"

"उणे तीस."

"साखरपुडा जायच्या आधी उरकू. नंतर नाक गळून पडलं तर फोटो वाईट येतील."

उत्तरा चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. हर्षद मागोमाग आला.

"अगं, जिंकलीस ना? आता काय झालं?"

"सात महिने रे... आणि तू मला कधी म्हणालासुद्धा नाहीस."

"काय?"

"माहितीये तुला."

हर्षद गोंधळला. एक नजर बाहेरच्या खोलीकडे टाकली, घसा खाकरला, आणि म्हणाला. अगदी साध्या शब्दांत, पण उंच माणसाचा आवाजही दांडगाच.

बाहेर भाऊरावांनी टीव्ही लावला, आणि आवाज चांगला मोठा केला.